तुमको मैं देख लूँगी

मंजूषाताई शेवड्यांना वॉर्डातल्या आवाजांची कधी भीती वाटली नव्हती. रडणं, कण्हणं, नातेवाइकांची भांडणं यांतच त्यांची साताऱ्यातली उमेदीची वर्षं गेली होती. भीती वाटायला लागली ती भोपाळात, आणि तीही शांततेची.

नवऱ्याची, विश्वासरावांची, सरकारी कंपनीतून इकडे बदली झाली. अशोका गार्डनमध्ये भाड्याचं घर मिळालं आणि ताईंना अरेरा कॉलोनीतल्या एका खासगी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून नोकरी. बाई कामाला वाघ आणि मनाने लोणी. हिंदी मात्र अशी, की मराठी वाक्याला हिंदीचा सदरा चढवला की झालं! भाजीवाल्याला ‘कोथिंबीर ताज़ी है क्या’ विचारायच्या आणि तो का बघत राहिलाय म्हणून त्याच्यावरच रागवायच्या. यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. भिण्यासारखं काय होतं, ते फार उशिरा कळलं.

सुरुवातीला वॉर्डातल्या पोरी मोकळ्या बोलायच्या. मग एकेकीचं तोंड बंद झालं. ताई दारात दिसल्या की टेबलापाशी चाललेलं हसणं विझायचं. काही विचारा, उत्तर एकच, “सब ठीक है, मॅडम.” एवढ्या खाटा, एवढी औषधं, आणि कुणाच्या हातून साधी गोळीसुद्धा उशिरा जात नाही? जिथे काहीच चुकत नाही तिथे सगळं लपवलं जातं, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. रोज जिना चढताना एकच विचार यायचा. आज काय लपलेलं असेल?

“अगं, तुझा वचक बसलाय. चांगलंच आहे की,” विश्वासराव म्हणाले.

त्यांना काय कळतंय! कचेरीत वचक बसला तर फार तर चहा वेळेवर येतो. दवाखान्यात वचक बसला तर माणूस जातं.

आणि एका दुपारी, पाळी बदलून थोडाच वेळ झाला असेल, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या शकुंतलाबाई हाकेला ओ देईनात. श्वास इतका सावकाश, की पुढचा येतो की नाही म्हणून ताई छातीकडे बघत राहिल्या. तरुण डॉक्टर म्हणाले, मेंदूत काही झालं असावं, खाली तपासणीला न्यायला हवं. स्ट्रेचर मागवलं. ताईंनी म्हातारीची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनाने असं होतं, पण ते जास्त झालं तरच.

“इंजेक्शन किसने दिया? कितना दिया?”

सकाळच्या पाळीची नर्स कल्पना अजून घरी निघाली नव्हती. तिने एकदा दिलं होतं, तसं तिने सांगितलं. एकदा दिल्याने एवढं होत नाही. मग त्यांना पडद्याशी उभी असलेली मीना दिसली, वॉर्डातली सगळ्यात धाकटी नर्स. पडद्याचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

ताईंनी तिचे खांदे धरले. “मीना, तू दिया क्या?”

“अम्माजी कराह रही थीं... मुझे पता नहीं था कि दीदी दे चुकी हैं.”

“दुसरी बार दिया है!” ताई ओरडल्या. डॉक्टरांनी स्ट्रेचर थांबवलं आणि औषधाचा उतारा टोचला. म्हातारीने मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. ताई भिंतीला टेकल्या.

“बताया क्यों नहीं?”

मीना हुंदके देत म्हणाली, “पिछली बार गोली देर से दी थी, तब बताया तो था. आपने कहा, तुम जाओ, तुमको मैं देख लूँगी. फिर मेरी इतवार की ड्यूटी लग गई.”

ताईंना काही उमजेना. त्यांनी तर धीर दिला होता. ‘तू जा, तुझं मी बघते’, एवढंच. रविवारची पाळी तर यादीप्रमाणे फिरत फिरत आली होती. कल्पना खाली बघत म्हणाली, “मॅडम, ये धमकी होती है.”

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मराठीतलं ‘बघून घेईन’ त्यांना कळत नव्हतं थोडंच! पण आपण तेच बोलतोय हे ध्यानीमनी नव्हतं, आणि त्यांच्या तोंडावर कायम मास्क, त्यामागचं हसू दिसणार कुणाला? जी जी पोरगी चूक कबूल करायला आली, तिला तिला त्यांनी मायेने हेच सांगितलं होतं. वॉर्डातलं एकेक खरं बोलणारं तोंड त्यांनी स्वतः शिवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. पोरींनी माना डोलावल्या. “सब ठीक है, मॅडम.” ताईंना रडू यायचं तेवढं बाकी होतं. भीती बसायला एक वाक्य पुरतं, उठायला पुरत नाही.

पुढे बरेच दिवस गेले. एकदा मीना दाराशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

“मॅडम, ग़लती हो गई.”

ताईंच्या काळजात धस्स झालं. सवयीने शब्द ओठांवर आलेच, “तुम जाओ, तुमको मैं...” त्यांनी जीभ चावली. मास्क खाली ओढला.

“चलो,” त्या म्हणाल्या, “साथ में देखते हैं.”

त्यांनी मीनाचा हात धरला आणि दोघी खाटेकडे निघाल्या.