जपून ठेवलेले बूट

एप्रिलचा पहिला रविवार. रक्कम एकशे वीस रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि रत्नागिरीच्या बाजारात रस्त्याकडेला स्लिपर विकणारा. "हलकी हाय भाऊ, पायात हाय ते कळणार पण नाय," तो म्हणाला. मी घासाघीस न करता पैसे दिले.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी मेअखेरीस होती. धावायचे बूट अठ्ठावीसशेचे. ते झिजू नयेत म्हणून नियम मी घातला: बूट फक्त मैदानावर, बाकी सगळीकडे स्लिपर. ती बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेई, धावून झाल्यावर तांबडी धूळ पुसून परत पिशवीत ठेवी. घर ते मैदान, मैदान ते अभ्यासिका, सगळी वाट कातळाची. दिवसाला पाच किलोमीटर, मी मोजलेले.

आठशे मीटरची तिची वेळ मी वहीत लिहायचो. तीन मिनिटं दोन सेकंद. मग दोन छप्पन्न. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन नऊ, मग तीन सतरा. मी मोबाईलवर खापर फोडलं.  पण सकाळी ती अंथरुणातून उठली की पहिली चार पावलं चवड्यावर टाकत, भिंत धरून जायची. हे बायकोने पाहिलं, मी वही पाहत होतो.

डॉक्टरांनी टाच दाबली तशी तिने टेबलाची कड घट्ट पकडली. सोबत नेलेले बूट पाहून ठीक आहेत म्हणाले. मग विचारलं, इथे काय घालून आलीस? मी बाहेर जाऊन स्लिपर आणली. त्यांनी ती एका हाताने घावनासारखी दुमडली.

"हे घालून रोज किती चालते?"

आकडा मला पाठ होता. "पाच किलोमीटर," मी सांगितलं.

तळव्याला आधार नाही, त्यात स्लिपर निसटू नये म्हणून बोटं सतत आवळलेली. टाचेखालचा स्नायूबंध सुजला आहे, असं त्यांनी समजावलं. धावणं पूर्ण बंद. चाचणीला सतरा दिवस होते. धावलीच तर, मी विचारलं. स्नायूबंध फाटू शकतो, ते म्हणाले, मग सहा महिने तरी गेले.

घरी बायको एवढंच म्हणाली, "बूट बसले कपाटात, पोर बसली घरात."

सतरा दिवस बर्फ, व्यायाम, घरातसुद्धा बूट. चाचणीच्या पहाटे मी आणि मुलगी मैदानाच्या फाटकापाशी उभे होतो. ओळखपत्र तिच्या हातात होतं. बसमधून उतरताना ती किंचित लंगडली होती. मी पाहिलं हे तिला कळलं होतं. आतून नंबर पुकारत होते. तिच्या आधी फक्त नऊ जणी.

"बाबा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकते मी."

स्लिपरच्या वेळीही तिने माझंच ऐकलं होतं.

"नको," मी म्हणालो. "पुढच्या भरतीला वयात बसतेस. मी हिशेब केलाय."

ती फाटकाकडे पाठ करून चालू लागली. परतताना वाटेत चपलांच्या दुकानात शिरलो. जाड तळव्याची, टाचेला खोलगा असलेली सँडल तिने घालून, चार वेळा चालून पाहिली आणि पायातच ठेवली. दुकानदाराला चौदाशे पन्नास रुपये दिले.