कीबोर्डला कान लावणारे काका

यंत्राला हात लावण्याआधी काका त्याला कान लावायचे. "आधी आयकू, मग खोलू," म्हणायचे आणि खोलीतला पंखा बंद करायला सांगायचे. टाइपरायटर दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. पण आत कुणी टाइप करत असताना दारातूनच "तिसऱ्या ओळीतली एक कळ थकलीय तुमची," असं सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

हे टाइपरायटरवाले काका पनवेलजवळच्या मिठागरांच्या गावातले, शिक्षण चौथीपर्यंत. मी आमच्या घरातली पहिली बी.कॉम. नव्वदच्या सुमाराला तळोज्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, प्रोबेशनवर. अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच. त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर. साहेबांनी बजावलं होतं, "दसऱ्याला याला फूल नाही, कुंकू नाही. बिघडला तर तुम्ही घरी."

आमच्याकडे दसऱ्याला बाबांचं फावडं पुजायचे. मग मी ज्यावर पोट भरते ते तसंच ठेवू? कुणी नाही असं बघून मी कीबोर्डवर चिमूटभर अक्षता टाकल्याच. संध्याकाळी वेचूनही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर ते टूं-टूं ओरडलं, कीबोर्ड बिघडल्याची ओळ पडद्यावर आली आणि पुढे काही होईना. बाहेर ट्रक उभे, चलनं छापायची राहिलेली. साहेब म्हणाले, "मुंबईहून इंजिनिअर बोलावतो. तुम्ही काय केलंत ते तोच सांगेल."

काका त्या दिवशी टाइपरायटरच्या सर्व्हिसिंगला आलेले. दारातून म्हणाले, "सायेब, मी आयकू जरा?"

"काका, हा टाइपरायटर नाही."

"कळा तर हायत ना?"

जन्मात कधी कॉम्प्युटरला न शिवलेला तो माणूस मशीन बंद करायला लावून, डोळे मिटून बसला. एकेक कळ दाबायची, सोडायची. शंभराच्या आसपास कळा, वरून सगळ्या सारख्या. मला तर आवाजही सगळे सारखेच वाटत होते. एका कळेवर बोट थांबलं. पुन्हा दाबली.

"हिच्या पोटात काय तरी हाय."

पिशवीतल्या तारेच्या आकड्याने त्यांनी कळ अलगद उचलली. खाली कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. साहेब पाठीमागेच उभे. काकांनी वरून ब्रश फिरवला आणि दाणा मुठीत गेला.

"काय निघालं?"

"कचरा, सायेब. नव्या मशीनला व्हतंच."

मशीन सुरू झालं, चलनं निघाली. जाताना काका माझ्या टेबलाशी वाकले. "बाय, पुढल्या वर्षी लांबून हात जोड. हिला दाणं घालू नको, ही काय कोंबडी नाय."

माझी नोकरी पक्की झाली. दोन वर्षांत आणखी कॉम्प्युटर आले आणि ऑफिसातले दोन टाइपरायटर विकायचं ठरलं. काकांचं सर्व्हिसिंग बंद केल्याचं पत्र साहेबांनी मलाच टाइप करायला दिलं, त्याच कीबोर्डवर. काकांनी ते उभ्यानेच, ओळीखाली बोट धरून, शेवटपर्यंत वाचलं. मी मान वर केली नाही.

"बाय, तू टायपलंस?"

"हो, काका."

"एक पण चूक नाय."

पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग दोन्ही टाइपरायटर पुसले, त्यांच्यावर कापडी कव्हरं घातली, नाड्या बांधल्या आणि पिशवी उचलली. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मी एकही कळ दाबली नाही.