गंगापूर रस्त्यावरच्या पाच मोटारी आणि माझी घोटीची लॉरी

गावाबाहेर, आमच्या गंगापूर रस्त्याला, ओळीने पाच बंगले आहेत. पाचांत पाच वकील राहतात आणि पाचांच्या दारात पाच मोटारी उभ्या असतात. सकाळी साडेदहाला त्या एकामागून एक निघतात, दीड मैलावरच्या कोर्टात जातात, दिवसभर तिथल्या कडुनिंबाखाली विश्रांती घेतात आणि पाच वाजता परत येतात. प्रत्येक मोटारीत दोन माणसे, त्यांतला एक ड्रायव्हर. मागे उडणारी धूळ रस्त्याकडेच्या मळ्यांतल्या गुलछडीवर आणि मेथीवर बसते. तीच मेथी मग आमच्या स्वयंपाकघरात येते. नाशिकरोडची ट्राम बंद झाल्यापासून तर मोटार नसलेला वकील म्हणजे सनद नसलेला वकील, असे आमच्याकडे समजतात.

एवढ्या मोटारी असताना मी सर्व्हिसच्या, म्हणजे भाडे घेऊन उतारू नेणाऱ्या, लॉरीने घोटीला का गेले, हे अनेक मैत्रिणींनी विचारले. म्हणून हे लिहिते आहे. कोणाला जायचे असेल तर खर्चाचा आणि धक्क्यांचा अंदाजही येईल.

माझी थोरली बहीण, अक्का, घोटीला असते. मेहुण्यांचे तिथे तांदळाचे दुकान आहे. मार्गशीर्षात अक्काच्या अंगावरून वारे गेले आणि उजवी बाजू लुळी पडली. पत्र आले तेव्हा मी म्हटले, उद्याच लॉरीने जाते.

"लॉरीने?" हे म्हणाले. "घरात मोटार असताना? लोक काय म्हणतील? रविवारी आपल्या मोटारीने जाऊ." आणि तसे पत्र यांनी स्वतःच्या हाताने अक्काला टाकले.

पहिल्या रविवारी टायर बसला. दुसऱ्या रविवारी क्लबात टेनिसचा सामना होता आणि मोटारीशिवाय तो खेळता येत नसावा. तिसऱ्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना पांडवलेणी दाखवायची होती. मी शेजारच्या चारही बंगल्यांत विचारून आले. "मोटार काय, तुमचीच आहे," असे चौघींनी अगदी मनापासून सांगितले. फक्त ती कधी मोकळी असते ते त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या स्वतःही टांग्यानेच फिरतात.

शनिवारी पाचही मोटारींची मिरवणूक कोर्टाकडे गेली. धूळ खाली बसताच मी स्वयंपाकीणबाईंना सांगून निघाले. भद्रकालीपर्यंत टांगा, चार आणे. तिथून घोटीची लॉरी, आठ आणे. सोबत टोपली असेल तर तिचे निराळे.

"केव्हा सुटेल?" मी ड्रायव्हरला विचारले. कासमभाई नावाचा तो पांढऱ्या दाढीचा गृहस्थ बॉनेट उघडून आत पाणी ओतत होता.

"भरली की सुटेल, बाईसाहेब."

"आणि भरेल केव्हा?"

"सुटायच्या आधी," तो गंभीरपणे म्हणाला.

ती भरली म्हणजे कशी भरली! बाके अठरा जणांची, माणसे चोवीस. शिवाय एक शिवणयंत्र, ते मांडीवर घेतलेला शिंपी, आणि कोथिंबिरीच्या दोन टोपल्या. आमच्या मोटारीत पाच जण ऐसपैस बसतात, पण तिने आजवर एका इस्त्रीच्या काळ्या कोटापलीकडे काही वाहून नेल्याचे मला आठवत नाही. जाणाऱ्यांनी मागचे बाक टाळावे. सगळ्या आग्रा रोडची धूळ तिथे मुक्कामाला येते. ड्रायव्हरच्या पाठचे बाक उत्तम.

कोथिंबीर भागाबाईची होती. ती आमच्याच रस्त्यापलीकडची माळीण. घोटीच्या शनिवारच्या बाजाराला निघाली होती. तिने मला चांगले निरखून घेतले.

"तुमी दुसऱ्या बंगल्यातल्या वकिलीनबाई नव्हं? मोटर बिघडली का काय तुमची?"

"नाही. चांगली आहे."

"मंग?"

मी पांडवलेण्यांचा डोंगर पाहू लागले.

विल्होळीच्या चढाला पुरुष मंडळी न सांगता खाली उतरली आणि चढ संपल्यावर न सांगता चढली. आमच्या बंगल्यांतल्या कोणालाही मोटारीतून उतरायला ड्रायव्हरने दार उघडावे लागते. वाडिवऱ्ह्याला कासमभाईने पाण्यासाठी गाडी थांबवली. अर्ध्या आण्याला चहा मिळाला. तो बशीत ओतून उभ्या उभ्या प्याले आणि कोणी काही म्हटले नाही. उजव्या हाताला अंजनेरीचा डोंगर स्वच्छ दिसत होता. थंडीच्या दिवसांत हा रस्ता खरोखर सुंदर आहे, हे मी लॉरीत बसून लिहिते आहे असे समजू नये. लॉरीत बसून काहीच लिहिता येत नाही.

पुन्हा निघाल्यावर भागाबाईने विचारले, "घोटीत कोन तुमचं?"

मी सांगितले.

"त्या तांदूळवाल्यांच्या? वारं गेल्यालं? अवो, मी भाजी देते की तिथं." ती माझ्याकडे वळून बसली. "खिडकीतच बशिवत्यात त्यांना. रस्त्याकडं बघत ऱ्हात्यात. आन् रईवारी तर जेवायला बी आत जात नाय म्हनं. बहीन मोटरीनं येनार हाय, म्हनत्यात."

मी पदर धुळीसाठी तोंडावर घेतला होता. तो पुढचे दोन मैल मी काढला नाही. भागाबाईने टोपली पायाशी ओढून मला टेकायला जागा करून दिली.

सगळा मिळून दोन तासांचा प्रवास. घोटीत बाजारामुळे तोबा गर्दी होती. आंबेमोहोर आणि कोळपी तांदळाची पोती, चुरमुऱ्यांचे ढीग. ते सगळे पाहण्यासारखे आहे म्हणतात. मी पाहिले नाही.

अक्का खिडकीत होती. लॉरी तिच्यासमोरून गेली तेव्हा तिने मानही वळवली नाही. लॉरीशी तिला काय करायचे होते? मी खिडकीसमोर जाऊन उभी राहिले, तरी ती माझ्या डोक्यावरून मागचा रस्ताच पाहत होती.

"अक्का."

तिला ओळखायला वेळ लागला. माझे केस आणि भुवया धुळीने तिच्या केसांसारख्याच पांढऱ्या झाल्या होत्या. मग तिने चांगला हात गजांतून बाहेर काढला आणि माझा गाल पुसला.

"कशानं... आलीस?" शब्द जड येत होते.

"लॉरीनं."

ती म्हणाली, "मग... आधीच का नाही आलीस?"

मेहुणे तिच्या मागे उभे होते. त्यांनी घाईघाईने पाणी आणायला सांगितले.

तीन तास मिळाले. मी तिची वेणी घातली. गुंता काढताना ती लहान मुलीसारखी ओरडली, तेव्हा मला बरे वाटले. मऊ भात भरवला. तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून सांडायचा, मी पुसायची. टायर, टेनिस, पांडवलेणी यांतले काहीही मी तिला सांगितले नाही. सांगण्यासारखे नव्हतेच.

चारला परतीची लॉरी दारात येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजला. मला अक्काचा हात सोडवेना. मेहुणे बाहेर जाऊन सांगून आले असावेत, कारण भोंगा पुन्हा वाजला नाही. पावणेपाच झाले तरी लॉरी तशीच उभी होती, भरलेली. मी चढले तेव्हा ओशाळून म्हटले, "कासमभाई, फार खोळंबा झाला."

"तुम्ही आजारी माणसाकडे आला होता, बाईसाहेब. पॅसिंजर लोकांनीच थांबायला सांगितलं."

अक्काला मी लॉरीतून ओरडून सांगितले, "पुढच्या शनिवारी येते." लॉरीला टेनिस खेळता येत नसल्यामुळे हे वचन देणे सोपे होते.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. हे व्हरांड्यात शेजारच्या दोन वकिलांबरोबर बसले होते. माझा अवतार पाहून तिघेही उठून उभे राहिले.

"अगं, कळवायचंस तरी! मोटार पाठवली असती."

"तीन आठवडे कळवतच होते," मी म्हटले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी चहाला पाचही वकील आमच्याकडे जमले होते. मी विचारले, की एकाच वेळी, एकाच कोर्टात जाता, तर एकाच मोटारीने का जात नाही? चार मोटारी घरी राहतील, आम्हाला कुठे जाता येईल. यावर पाच विद्वान तासभर बोलले. एकाला तंबाखूचा वास सोसत नाही. दोघे एकाच खटल्यात समोरासमोर आहेत, मोटारीत गुपिते फुटतील. पुढे ड्रायव्हरशेजारी कोण बसणार, हा तर घटनात्मक प्रश्न निघाला. शेवटी विचार करण्यासाठी कमिटी नेमायचे ठरले. तिच्या सभेला येताना दोन बंगल्यांपलीकडून दोघे जण मोटारीने आले.

मी दर शनिवारी जात राहिले. तिसऱ्या खेपेपासून शेजारच्या डाव्या बंगल्यातल्या सुशीलाबाई बरोबर येऊ लागल्या. त्यांचे माहेर वाडिवऱ्ह्याला, इतके जवळ की चार वर्षांत जाणे झाले नव्हते.

फाल्गुनात अक्का गेली. मला सात शनिवार मिळाले होते.

तेराव्याला आम्ही आमच्या मोटारीने गेलो. टायर बसला नाही, पाणी घालावे लागले नाही, विल्होळीला कोणी उतरले नाही. सव्वा तासात घोटी. आत शिरायच्या आधी हे त्या रिकाम्या खिडकीपाशी थांबले. परत येताना वाडिवऱ्ह्यापाशी म्हणाले, "फारच जवळ आहे गं."

आता ते कळून काय उपयोग होता?

सोमवारी साडेदहाला हे फायली घेऊन घराबाहेर पडले, मोटारीपुढून चालत गेले आणि शेजारच्या वकिलांच्या मोटारीत, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. कमिटीचा अहवाल अजून आलेला नाही. पण पुढे आणखी एक वकील असेच दुसऱ्याच्या मोटारीत बसू लागले आणि आमच्या रस्त्यावरून आता कोर्टाला तीनच मोटारी जातात.

त्या सोमवारी आमचा ड्रायव्हर महादू पुसलेली मोटार घेऊन दारात उभा राहिला आणि गोंधळून म्हणाला, "बाईसाहेब, आता हिला कुठं न्यायची?"

मी त्याला सांगितले, की बंगल्याबंगल्यातून आणि पलीकडच्या मळ्यातून विचारून ये, गावात कोणाकोणाला जायचे आहे. तासाभराने मोटार निघाली तेव्हा तिच्यात सहा बायका होत्या. भागाबाईच्या टोपल्या माझ्या मांडीवर होत्या.