शर्यतीच्या मैदानावर रोडगे

मोटारसायकलींची शर्यत वांग्याच्या भाजीमुळे थांबू शकते, यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी माझ्या सासुरवाडीशी सोयरीक करून पाहावी.

ती वर्षं कापसाच्या वाईट दिवसांची होती. मुंबई-दिल्लीहून मोठी माणसं विमानानं वऱ्हाडात यायची, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोटो काढायची, पॅकेज जाहीर करायची आणि जेवायला अमरावतीच्या विश्रामगृहात परतायची. पॅकेजमध्ये सगळं असायचं, फक्त नवरी नसायची. शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगीच देईना. माझा मेहुणा विलास दर्यापूरजवळ शेती करायचा. जमीन काळी, अंगकाठी धडधाकट, व्यसन म्हणाल तर चहाचं. पण ‘पोरगा काय करते?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं की समोरचे पोहे गारठायचे. दहावीला पुन्हा पुन्हा बसलेला त्याचा मित्र तालुक्याच्या कचेरीत शिपाई होता. त्याच्या दारात स्थळांची रांग लागलेली. विलासनं आता हा विषय सोडून द्यावा की काय, इथपर्यंत घर आलं होतं. सासूबाई तर देवाशी बोलणंही कमी करून बसल्या होत्या.

अशात अकोल्याचं एक स्थळ आलं. निवृत्त पोस्टमास्तर निंभोरकर आणि त्यांची मुलगी ज्योत्स्ना. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती आणि तिच्याकडे स्वतःची मोटारसायकल होती. (स्कूटी नव्हे. निंभोरकर हे सांगताना आवाज खाली आणायचे.) तिचं म्हणणं असं की, पोह्यांचा ट्रे घेऊन मी आता कोणासमोर येणार नाही. अमरावतीला मोटारसायकलींची शर्यत आहे, ती पाहायला मी येणारच आहे, मुलाला तिथंच पाठवा.

मध्यस्थी माझ्याकडे आली. मी राजापेठेत राहतो, कॉलेजात मराठी शिकवतो, आणि शिकलेल्या माणसाला बोलता येतं असा सासुरवाडीत एक गोड गैरसमज आहे. मी निंभोरकरांना फोनवर सांगितलं, "मुलगा कृषी-व्यवसायात आहे."

"म्हंजे बियान्याचं दुकान हाये का?"

"त्याच क्षेत्रात. बियाण्याशी त्याचा रोजचा संबंध येतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मराठी भाषेची हीच तर श्रीमंती आहे.

मग मी शर्यतीचं पत्रक मिळवलं. वास्तविक शाल-श्रीफळ, सत्कार, ‘भव्य-दिव्य’ वगैरे प्रकारांवर मी आयुष्यभर हसत आलेला माणूस. पण पत्रकात ‘प्रेक्षकांसाठी मनोरंजन विभाग’ होता: खाद्यदालन, बालनगरी, टायर बदलण्याची स्पर्धा, शर्यतवीरांसोबत फोटो. खाली लिहिलं होतं, ‘सहकुटुंब या आणि दिवसाचा पुरेपूर आनंद लुटा.’ हे वाचून मी चक्क भारावलो. मुलगा-मुलगी फिरतील, काहीतरी खातील, बोलायला विषय सुचला नाही तर सायलेन्सरचा आवाज आहेच. मी दर्यापूरला सासऱ्यांना फोन केला आणि म्हणालो, "आबाजी, सहकुटुंब या."

माझ्या लेखी सहकुटुंब म्हणजे विलास आणि त्याचे आईवडील. दर्यापुरात मात्र एका मेटॅडोरमध्ये जेवढे मावतात त्याला कुटुंब म्हणतात. जे मावत नाहीत ते भाऊबंद, आणि ते मागे लटकून येतात.

मैदान शहराबाहेर होतं. मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा मेटॅडोरमधून आधी माणसं उतरली, मग वांगी उतरली, मग कणकेचा डबा, तुपाची बरणी, वरण शिजवायचा भलामोठा गंज, आणि शेवटी गोवऱ्यांची दोन पोती.

"हे काय आबाजी?"

"रोडगे," आबाजी म्हणाले. पोत्याकडे पाहून हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडावा याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. सोबत वरण, तिखटजाळ वांग्याची भाजी आणि माणूस नको म्हणेपर्यंत तूप. (नको म्हटल्यानंतरही तूप.) हे शेतात करतात, देवाच्या माळावर करतात. शर्यतीच्या मैदानावर करत नाहीत. मी तसं सासूबाईंना सुचवून पाहिलं. "इथे खाद्यदालन आहे. सगळं मिळतं."

"सोयऱ्याले पहिल्याच भेटीत इकतचं चारू का मी?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या म्हनतीन, दर्यापूरवाल्याइच्या घरात चूल नाही."

फाटकावर एक दंडावर पट्टी बांधलेला स्वयंसेवक होता. त्यानं पोती अडवली. मला हायसं वाटलं. पण आबाजींनी त्याला नियम विचारला नाही, गाव विचारलं.

"तुमी कोन्या गावचे जी?"

"अंजनगावकडचा."

"अंजनगावकडे तं आमची मावशी देल्ली."

दोनचार नावं इकडून तिकडे गेली आणि स्वयंसेवक त्यांचा लांबचा भाचा निघाला. वऱ्हाडात चिकाटीनं विचारलं तर कोणीही भाचा निघतो. एक पोतं त्यानंच खांद्यावर घेतलं आणि बालनगरीच्या मागची वाऱ्याच्या आडोशाची जागाही दाखवून दिली.

तेवढ्यात निंभोरकर आणि ज्योत्स्ना आले. मी मेटॅडोर आणि ते दोघे यांच्यामध्ये उभा राहिलो, म्हणालो, "मुलगा येतोच आहे, व्यवसायाच्या कामात जरा अडकलाय," आणि त्यांना थेट कठड्याजवळच्या बाकांवर नेऊन बसवलं. रोडगे होतील, विलास हात धुऊन येईल, मग रीतसर ओळख करून देऊ, अशी माझी योजना. विलास त्या वेळी गोवऱ्या रचत होता. घरात ते काम त्याच्याइतकं कोणाला जमत नाही, त्यामुळे ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्यालाच चुलीपाशी बसवलेलं होतं.

ज्योत्स्ना खरोखरच शर्यत पाहायला आली होती. कोणती गाडी वळणावर कशी घसरते, हे ती वडिलांना समजावून सांगत होती आणि वडील माझ्याकडे ‘माफ करा’ अशा नजरेनं पाहत होते. मी त्यांना अधूनमधून टायर बदलण्याच्या स्पर्धेबद्दल माहिती देत होतो.

अंतिम फेरी सुरू झाली आणि मैदानाच्या त्या टोकाकडून एक राखाडी पडदा सरकत आला. आधी झेंडे दिसेनासे झाले, मग वळण, मग एकेक मोटारसायकल त्यात शिरू लागली आणि खोकत बाहेर पडू लागली. लाल झेंडा दाखवला गेला. शर्यत थांबली.

"हे काय झालं?" ज्योत्स्ना उभी राहिली. "एवढी चांगली चालली होती."

मला अंदाज आला होता. पण माणसाला अंदाज आला की तो गप्प बसतोच असं नाही. "ढिसाळ आयोजन," मी म्हणालो. "कोणालाही आत सोडतात. लोकांना सार्वजनिक जागी वागायचं कसं हेच कळत नाही. हा आपल्या समाजाचा मूळ प्रश्न आहे."

"बरोबर बोलले सर," निंभोरकर म्हणाले.

त्याच क्षणी लाउडस्पीकर खरखरला. "बालनगरीच्या मागं सैपाक करून राहिलेल्या दर्यापूरच्या मंडळींचे जवाई, राजापेठेत राहणारे मराठीचे प्राध्यापक, जिथं असतीन तिथून ताबडतोब यावं. जबाबदार मानूस म्हनून मंडळींनी त्याइचंच नाव सांगितलं हाये." आणि मग नाव. आडनावासह. दोनदा.

निंभोरकर माझ्याकडे पाहत राहिले. ज्योत्स्नानं मात्र फक्त विचारलं, "कोन्या बाजूनं जायचं?"

बालनगरीमागे पंगत बसलेली होती. आमच्या चुलीला लोक खाद्यदालनाचाच भाग समजले होते आणि कुपन कुठे मिळतं म्हणून विचारत होते. आबाजींना तो शब्द अपमानाचा वाटला. "कुपन कायचं? बसा," असं म्हणून त्यांनी येईल त्याला जमिनीवर बसवलं होतं. पंगतीत दोन शर्यतवीरही होते. हेल्मेट मांडीवर होतं, भाजी द्रोणात होती.

संयोजक घामाघूम होऊन उभे होते. "सर, तुमीच का ते? हे इझवा पहिले. पानी टाका."

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "अर्धे कच्चे हायेत. सोयरे यायचे हायेत आमचे."

"आले ते," मी म्हणालो.

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. आबाजींनी निंभोरकरांना नमस्कार केला आणि अंगठ्यानं माझ्याकडे दाखवत संयोजकांना म्हणाले, "हे आमचे जवाई. पुस्तकं वाचते लय." त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की मला तिथल्या तिथे गोवऱ्यांत शिरावंसं वाटलं.

विलास राखेनं माखलेला होता. तो कोणाकडेच न पाहता म्हणाला, "पानी टाकलं तं अजून धूर होईन. हे उचलून पल्याड नेलं पाहिजे." त्यानं कुठून तरी पत्रा आणला, निखारे आणि रोडगे सगळं त्यावर ओढलं. पत्रा लांबलचक होता. एकट्यानं उचलेना. मी पुढे झालो, पत्र्याला हात लावला आणि विद्वत्तेच्या वेगानं मागे घेतला.

"सरका सर," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं तोंडावरची ओढणी सोडून हातांना गुंडाळली आणि दुसरं टोक धरलं. "चला जी. मले उरलेली रेस पाह्याची आहे."

मी त्यांच्या मागून गेलो. मध्यस्थाचं कर्तव्य म्हणून.

"तुमी काय करता?" तिनं विचारलं.

मी मध्ये पडायला तोंड उघडलं.

"शेती," विलास म्हणाला.

"अन् सर तं म्हनत होते, कृषी-व्यवसाय."

"ते प्राध्यापक हायेत. त्याइले लांब शब्द लागते."

"शेतीत भागते का?"

"औंदा नाही भागलं. पुढच्या साली मी तूर वाढवून राहिलो, कापूस कमी करून राहिलो. भागंल असं सांगता येत नाही. जड होत असंल तं ठेवू का खाली?"

"नाही. तुमाले जड होऊन राहिलं का?"

"नाही."

मग दोघंही पावलं सावकाश टाकू लागले. पत्रा पोहोचला तरी आपलं टोक आधी कोणी सोडेना.

पलीकडच्या टोकाला पत्रा ठेवला, तिथून धूर शर्यतीच्या मार्गावर येत नव्हता. तो सरळ प्रमुख पाहुण्यांच्या शामियान्यात जात होता. तिथे कोणीतरी ‘क्रीडा आणि राष्ट्रउभारणी’ यावर बोलत होतं. ते भाषण खोकल्यात संपलं आणि त्या दिवशीच्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. शर्यत पुन्हा सुरू झाली. त्या दोघांनी ती रोडग्यांवर लक्ष ठेवत वळणाजवळून उभ्यानं पाहिली. आमची बाकीची मंडळी पंगतीत वाढत होती. निंभोरकर तिसऱ्यांदा तूप नको म्हणत होते.

निघताना निंभोरकरांनी सगळ्यांना नमस्कार केला, मला सोडून. विलास रिकामी पोती मेटॅडोरमध्ये टाकत होता. तो म्हणाला, "भाऊजी, नाही म्हनतीन ते. पन खरं सांगून नाही म्हनतीन, तेवढं बरं." त्यावर मला एकही लांब शब्द सुचला नाही.

पुढचा आठवडा सासूबाईंनी फोनजवळ काढला. शेवटी फोन आला तो मात्र माझ्याकडे.

"सर, पोरगी हो म्हन्ते," निंभोरकर म्हणाले. "मी लय समजावलं. शेतकरी हाये म्हटलं, धोका हाये म्हटलं. आयकत नाही."

माझा ऊर भरून आला. एवढं सगळं होऊनही मध्यस्थी फळाला आली होती. चार कौतुकाचे शब्द ऐकावेत म्हणून मी सहज विचारलं, "एवढं काय आवडलं तिला आमच्यात?"

निंभोरकर जरा घुटमळले. "राग नका मानू सर. ती म्हन्ते, ज्या घरानं असा जवाई इतकी वर्षं कौतुकानं सांभाळला, त्या घरात सुनेले कायचाच तरास नाही."