आत्याकडे हवा गार आहे

मार्चअखेर मला ऑफिसातून सलग आठवडाभर सुट्टी मिळाली आणि आमच्या घरात सहलीचं खूळ शिरलं.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तीन माणसं राहतात आणि तिघांची हवा वेगवेगळी आहे. आईला ऊन सोसत नाही, डोकं उठतं. बाबांना थंडी चालत नाही, गुडघे धरतात. मला दमट हवा सहन होत नाही, आणि होत नाही हे मी मोठ्याने सांगते. त्यामुळे पंखा ही घरातली सर्वांत वादग्रस्त वस्तू आहे. तो कायम दोनवर असतो, कारण दोनवर तिघांनाही सारखाच त्रास होतो.

अशा माणसांनी वसंत ऋतूत फिरायला जायचं म्हणजे तिघांनाही मानवेल असं ठिकाण हवं. मी मोबाईल काढला आणि गावागावांची हवा बघायला लागले, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ठेव तो. त्याला काय कळतं? तो काय तिथे जाऊन उभा आहे?"

मोबाईलवरचा त्यांचा विश्वास काही दिवसांपूर्वीच उडाला होता. 'पुणे, मुसळधार पाऊस' असं बघून ते छत्री घेऊन कसबा पेठेत तांब्याची कळशी कल्हई करून आणायला गेले होते. तिथे रणरणतं ऊन होतं. अख्ख्या पेठेत छत्री घेतलेला एकच माणूस, त्यामुळे कल्हईवाल्यापासून गणपतीच्या पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकाने विचारपूस केली. घरी येतात तर वाघोलीहून त्यांच्या मित्राचा फोन, की अवकाळी पावसाने गाडी गुडघाभर पाण्यात बंद पडली आहे. "एकाच शहरात दोन हवा," बाबा म्हणाले. "मग हा शहाणा नेमकी कुणाची सांगतो?"

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. हवा ही माणसाला विचारायची, आणि ती त्या गावात राहणाऱ्या माणसाला. आमचे नातेवाईक महाराष्ट्रभर पसरले आहेत, ते आजवर कशाच्याही उपयोगी पडले नव्हते, आता पडतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेतली मुलं वापरतात तसा महाराष्ट्राचा नकाशा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि फोन स्पीकरवर टाकला.

बाबा निवृत्त सरकारी अधिकारी. फोनवर ते गप्पा मारत नाहीत, माहिती मागवतात. पहिला फोन रत्नागिरीला, आईच्या मावसबहिणीला. "नमस्कार. येत्या आठवड्यात आपल्याकडे हवा कशी राहील?"

पलीकडून मावशी म्हणाली, "का हो?"

"सहज."

"अहो, काय सांगू! भयंकर उकडतंय. अंगावर कपडा सहन होत नाही. त्यात वीज नाही, पाणी एक दिवसाआड, आणि आमचे दोघांचेही घसे बसलेत."

तिचा घसा ठणठणीत वाजत होता. बाबांनी नकाशावर रत्नागिरीवर पेन्सिलीने फुली मारली.

दुसरा फोन नाशिकला, बाबांच्या चुलतभावाला. त्याच्याकडे अचानक कडाक्याची थंडी पडली होती. मार्चअखेर. घरात सगळ्यांना ताप, वरच्या खोलीत रंगकाम काढलेलं, "आणि रंगाच्या वासाने तर तुमच्या गुडघ्यांना फारच त्रास होईल." रंगाच्या वासाने गुडघे दुखतात हे बाबांनाही नवीन होतं, पण त्यांनी फुली मारली. कोल्हापूरच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे वादळाची चिन्हं होती आणि मुलीच्या सासरची माणसं येऊन राहिली होती. ही दुसरी गोष्ट हवेत कशी मोडते हे त्यांनी सांगितलं नाही. वेरुळजवळ राहणाऱ्या आईच्या भाच्याकडे गारपीट झाली होती. "लिंबाएवढ्या गारा, मावसाजी! पत्रे उडाले. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीचेच नेमके."

संध्याकाळपर्यंत नकाशावर इतक्या फुल्या झाल्या, की महाराष्ट्रात माणसं राहतात तरी कशी असा प्रश्न पडावा. बाबा खरोखर चिंतेत पडले. "ऋतुचक्र पार बिघडलंय," ते म्हणाले.

आई इतका वेळ मटार सोलत बसली होती. पहिल्याच फोनला तिला सगळं कळलं होतं, पण तिला मजा येत होती म्हणून ती गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "अहो, हवा बिघडलेली नाही. तुम्ही मुक्कामाला येताय असं वाटतंय त्यांना."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? मी लॉजवर उतरणारा माणूस आहे!"

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं का?"

मला हसू आवरेना, आणि रागही आला. माझी सुट्टी अशी नकाशावर फुल्या मारण्यात चालली होती. आता मी सरळ कुठलंतरी हॉटेल ठरवते म्हणून मी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात फोन वाजला. यवतमाळहून आत्याचा.

आत्या बाबांची थोरली बहीण. बाबा मूळचे तिकडचेच. नोकरी लागून पुण्यात आले आणि इथल्या मूळ लोकांनाही लाजवतील इतके पुणेकर झाले. फक्त आत्याचा फोन आला, की त्यांची भाषा अर्ध्या मिनिटात पुणं सोडून निघून जाते.

"काऊन रे," आत्या म्हणाली, "साऱ्या दुनियेले हवा विचारून राहिला म्हणते. नाशिकवाला सांगत होता. मले काऊन नाई विचारलं?"

बाबा गडबडले. खरं म्हणजे यवतमाळ आमच्या नकाशात धरलेलंच नव्हतं. 'उन्हाळ्यात तिकडे कोण जातं' हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं, की ते विचार न करता तोंडातून निघायचं. आत्याचे यजमान गेले तेव्हा आम्ही गेलो होतो, त्यानंतर नाही. ती तिथे एकटी राहते, तिचा मुलगा परदेशात. प्रवास तिला झेपत नाही, म्हणजे भेट व्हायची तर बाबांनीच जायला हवं. ती दर फोनला "येतं का?" म्हणते आणि बाबा दर फोनला "येतो ना बाई" म्हणतात.

"अवो बाई, तिकडं ऊन तापलं असंन ना," बाबा म्हणाले.

"कुठचं ऊन? परवा गारा पडल्या ना बाप्पा. तवापासून मस्त गार हाय. राती पांघरून घ्या लागते. टिपेश्वरच्या जंगलातले वाघ तं दिवसाच बाहेर येऊन बसून राहिले. पळस असा फुलला हाय का काय सांगू तुले."

मी मोबाईल बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. यवतमाळ, चाळीसच्या वर, निरभ्र. बाबांनी तो बाजूला सारला. गारपिटीची बातमी भाच्याकडूनही आली होती, दोन साक्षीदार जुळत होते. शिवाय अख्ख्या राज्यात हवा चांगली आहे असं सांगणारं हे एकच माणूस होतं. पद्धत म्हणजे पद्धत. आम्ही यवतमाळच्या बसची तिकिटं काढली.

सामान बाबांनी भरलं. तीन स्वेटर, आईची शाल, त्यांची कानटोपी आणि गुडघ्यांचे लोकरी पट्टे. मी गुपचूप बॅगेत दोन सुती कुडते घातले, ते त्यांनी वजन वाढतं म्हणून काढून ठेवले.

सकाळी नऊच्या सुमाराला यवतमाळला उतरलो. बसच्या एसीतून पाय खाली टाकला आणि कुणीतरी तव्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. स्टँडवरच्या बायकांनी डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळला होता. रिक्षावाल्याने डोक्यावर ओला पंचा घेतला होता, आणि हाफ स्वेटर घातलेल्या बाबांकडे तो अशा नजरेने बघत होता, की कुठल्या दवाखान्यात नेऊ हेच तो विचारणार होता.

"सकाळची वेळ आहे," बाबा म्हणाले. "गार व्हायला जरा वेळ लागेल."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

आत्या दारातच उभी होती, अंगावर शाल घेऊन. लोकरीची, चांगली जाड. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात जात होता आणि ती हसत होती. तिने बाबांच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग म्हणाली, "आजच थोडंसं उकडून राहिलं. काल पाहाले पाहिजे होतं तुम्ही."

आत बसलो. पंखा गरम वारा सर्वांना सारखा वाटून देत होता. खिडकीत एक मोठा चौकोनी डबा होता, त्यावर फुलाफुलांची चादर घातलेली, चादरीवर देवीचा फोटो आणि फोटोसमोर उदबत्ती. तिकडे होळी झाली की घराघरात खिडकीला कूलर लागतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो लागला म्हणजे उन्हाळा आला, मग पंचांग काहीही म्हणो. आत्याच्या घरात उन्हाळा आलेला नव्हता, तर देवघर वाढलेलं होतं.

चारी बाजूंच्या घरांतून मात्र घर्रर्र आवाज येत होता. बाबांनी कान टवकारले. "कशाचा आवाज?"

"गिरणी हाय," आत्या म्हणाली. "पिठाची."

"चारी बाजूंनी?"

"लोकं लय पोळ्या खातेत आता."

बाबा माझ्याकडे बघेनात. दुसरं कुणी असतं तर त्यांनी दोन शब्दांत त्याची सालं काढली असती. आत्याने गरम चहा पुढे केला, तो ते प्यायले. आईने तिची शाल मांडीवर घेतली, कारण आत्या पुन्हा पुन्हा "थंडी वाजंन, थंडी वाजंन" म्हणत होती. आम्ही चार माणसं भट्टीत बसून गार हवेबद्दल बोलत होतो. मी म्हणाले, बंगळुरूसारखं वाटतंय. का म्हणाले, माहीत नाही. मला आत्याची भीती वाटत होती, म्हणजे ती चक्कर येऊन पडेल याची, आणि तरीही ती शाल काढ असं सांगायची हिंमत होत नव्हती.

अकराच्या सुमाराला शेजारीण आली. हातात झाकलेली वाटी, डोक्यावर ओला टॉवेल. आत पाऊल टाकल्याबरोबर तिने आत्याकडे पाहिलं आणि ओरडलीच. "काकू! शाल काऊन घेतली जी? अन् कूलर बंद! आत्ता तं त्याले वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या तुम्ही. मरसान ना उन्हानं!" मग तिला आम्ही दिसलो, माझ्या मांडीवरचा स्वेटर दिसला, चादरीवरची देवी दिसली. तिने वाटी टेबलावर ठेवली आणि काही न विचारता निघून गेली. त्या बाईच्या समजूतदारपणाला मी आजही हात जोडते.

खोलीत फक्त चार गिरण्यांचा आवाज राहिला.

आत्याने शाल काढली आणि घडी घालायला घेतली. कोपऱ्याला कोपरा जुळवत, अगदी सावकाश.

"बाई," बाबा म्हणाले, "फोनवर खोटं काऊन बोलली?"

"खरं सांगतलं असतं तं आला असता का तू?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. पुण्यात याला ते स्पष्टवक्तेपणा म्हणतात. "उन्हाळ्यात नसतो आलो," ते म्हणाले.

"हिवाळ्यात आला का?"

बाबांचा हात स्वेटरच्या बटणावर गेला.

"पावसाळ्यात?"

बाबांनी खाली पाहिलं. ते बटण ते उगाच लावत होते आणि काढत होते.

"मंग हवा काऊन विचारून राहिला?" आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. मला रडू आलं म्हणून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, आणि आई आधीच तिथे माठाजवळ उभी होती.

बाहेर आले तेव्हा बाबांनी देवीचा फोटो उचलून फडताळात ठेवला होता, चादर काढली होती आणि ते बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होते. ऑफिसात असताना हा माणूस स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरत नसे. आत्या खुर्चीत बसून सूचना देत होती, की अजून एक बादली, हळू ओत, फरशी भिजवशील. कूलर सुरू झाला. वाळ्याचा ओला वास घरभर पसरला, आणि पहिल्यांदाच कुणीही हवेबद्दल काही बोललं नाही.

वाघ आम्ही पाहिले नाहीत. पळस पाहिला तो रिक्षातून, डोळे बारीक करून. बाकी सगळे दिवस चौघंही त्या एका कूलरसमोर बसून होतो. बाबा आणि आत्या लहानपणच्या कुठल्यातरी विहिरीवरून भांडत होते, आणि त्या भांडणात ती त्यांना अजून पाचवीतला पोरगा समजत होती. आईचं डोकं उठलं नाही, किंवा उठलं असेल तर ती बोलली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना आत्याने विचारलं, "उद्याचं तिकीट किती वाजताचं हाय?"

"संध्याकाळचं," मी म्हणाले.

ती थोडा वेळ भात कालवत राहिली. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "उद्या इकडे लय पाऊस हाय. बसा बंद राहतेत."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन असं होतं, की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं, आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"असं का," ते म्हणाले. "मंग नको निंघायले." आणि त्यांनी मला फक्त त्यांचं तिकीट रद्द करायला सांगितलं.