छत्रीआडचा चेहरा

बाईचं चित्र बघताना तुम्ही आधी काय बघता? चेहराच ना? मग आमच्या शेजारच्या अण्णांनी तुम्हाला नापास केलं असतं. साऱ्या बंगळुरात चित्र बघता येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, अशी त्यांची खात्री होती.

चिकपेटेतल्या आमच्या मराठी वाचनालयात, जागा देणाऱ्या सरदारांच्या पत्नीचं मोठं तैलचित्र आहे. जरीची साडी, मोत्यांच्या कुड्या, मांडीवर लांब देठाचा गुलाब. ते काढणाऱ्या चित्रकाराकडे अण्णा तरुणपणी रंग घोटायला होते. रोज संध्याकाळी ते यायचे, नवा माणूस गाठायचे, "स्वल्प मागं सरा" म्हणत त्याला पाच पावलं ढकलायचे आणि उघडी छत्री बाईंच्या तोंडासमोर धरायचे. "हं, आता बघा!" एकदा सरदारांचे जावईच सापडले.

"अहो, सासूबाई आहेत त्या माझ्या!"

"असू द्या. आड येतायत."

मी तेव्हा विशीत, खिशात कायम पत्रकं. एक मी याच चित्रावर काढलं: सरंजामी बाई उतरवा, तिथं कष्टकरी बाई लावा! समितीला पटलंही. रविवारी चित्र उतरवायचं ठरलं.

शनिवारी अण्णांनी मला चित्रासमोर उभं केलं आणि छत्री माझ्या हातात दिली. "आज तू धर. तो तळवा बघ. गुलाबावर असा हात कोण ठेवतं?"

तळवा देठावर सपाट दाबलेला होता, फळीवर उदबत्ती वळावी तसा.

"तोंड काढून झालं आणि बाई उटीला गेल्या. हातांसाठी आमच्या अक्काला बसवलं. दिवसभर उदबत्त्या वळायची ती. तिचा फोटो कधी काढलाच नाही रे." मग हळूच म्हणाले, "तुझं पत्रक बरोबर आहे. पण कष्टकरी बाई तिथंच आहे. पटतंय ना? सरी?"

रविवारी भर सभेत मी पत्रक मागं घेतलं. लोक हसले. आजवर तसं एकदाच केलंय.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांची छत्री वाचनालयातच खुंटीला आहे. चित्राखाली पाटी मात्र एकाच नावाची. दुसरी करायला गेलो, तर पाटीवाल्यानं नाव विचारलं आणि मी तसाच परत आलो. कष्टकऱ्यांवर एवढं लिहिलं, पण अक्काचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. तुमच्या घरातल्या कुणा आजी-मावशीनं त्या काळी चिकपेटेत उदबत्त्या वळल्या असतील, तर आजच त्यांना विचारा. आणि मला कळवा.