बत्तिशीकाकांकडे आलेला परतू

दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या घरात कवळ्या बनवणारे एक गृहस्थ राहायचे. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती वाचायची कुणाला गरज पडली नाही, कारण सगळी इमारत त्यांना बत्तिशीकाका म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांना दात पुरवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दात मात्र फारसे कुणी पाहिले नव्हते. हसू आलं की ते खाली मान घालून नुसते खांदे हलवायचे, आणि समोरच्याला वाटायचं, काकांना ठसका लागला. एकदा तर कुणी धावत जाऊन पाणी आणलं होतं.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. खिडकीखाली एक बुटकं लांब टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे आ वासून बसलेले, मेणाच्या पट्ट्या, घासायचं छोटं यंत्र, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. काम इतकं चोख की त्यांची कवळी बसवलेली माणसं चारचौघांत बिनधास्त सफरचंद चावून खायची. तक्रार करणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते घरातच राहत होतं: काकांचे सासरे, नाना.

नानांची सगळी नोकरी सरकारी गोदामात गेली होती. कुठली गोणी कुठल्या रांगेत, हे ते डोळे मिटून सांगायचे. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले तरी गोदाम काही डोक्यातून गेलं नाही. चहाचा डबा साखरेच्या उजवीकडे, चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर, वर्तमानपत्र चौकोनी घडी करून खुर्चीवर. एखादी जागा रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नसे. जावयाने करून दिलेली कवळी घालून त्याच कवळीने ते जावयाला ऐकवायचे की वरचा तिसरा दात जरा बाहेर आलाय. काका दर वेळी नीट तपासायचे, जागच्या जागी आहे असं सांगायचे, आणि नाना मान हलवून म्हणायचे, आता गेला असेल आत.

अशा घरात कुत्रा यायचं खरं तर काही कारण नव्हतं. काकू, म्हणजे नानांची लेक, शाळेत चित्रकला शिकवायच्या. एका सुट्टीच्या दिवशी कपाट आवरताना जुन्या चादरींचा ढीग निघाला. गावाबाहेरच्या प्राण्यांच्या शेल्टरला अशा चादरी लागतात, हे त्यांना शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्या चादरी द्यायला गेल्या, आणि संध्याकाळी चादरींसकट परत आल्या. फरक इतकाच की रिक्षातल्या त्या चादरींवर आता एक कुत्रा बसला होता. रंग सांडलेल्या चहासारखा. एक कान ताठ उभा, दुसऱ्याने कधीच राजीनामा दिलेला.

शेल्टरमधल्या ताईंनी काकूंपासून काही लपवलं नव्हतं. तीन घरांनी हा कुत्रा हौसेने नेला आणि तिन्ही घरांनी आणून सोडला, म्हणूनच त्याचं नाव परतू पडलं होतं. चावत नाही, भुंकत नाही, घाण करत नाही. मग आणून का सोडतात, असं काकूंनी विचारलं.

"हा गेला की घरात भांडणं सुरू होतात," ताई म्हणाल्या. "कुत्र्याशी नाही हो. माणसांची माणसांशी." मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की महिनाभर ठेवून बघा, नाहीच जमलं तर घेऊन या, त्याचा वाडगा मी उचलत नाही.

त्या न उचललेल्या वाडग्याचाच काकूंना राग आला, आणि त्या रागात त्यांनी कुत्रा रिक्षात घातला.

काकांनी यंत्र बंद केलं, परतूचा वरचा ओठ बोटाने उचलून पाहिला, खालचा पाहिला. "दात चांगले आहेत," एवढंच म्हणाले आणि परत कामाला बसले. काकूंनी तो होकार धरला. नानांनी मात्र चष्मा काढून विचारलं की हे इथे कधीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर त्यांचा प्रश्न ठरलेला: आज नेताय का सोडायला? काकू म्हणायच्या, आज नाही. नाना हुं करून पेपर उघडायचे.

पहिल्याच आठवड्यात ताईंच्या बोलण्याचा अर्थ सगळ्या जिन्याला कळला. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा पांढरा बूट पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याच्या दारात सापडला. त्याच्या जागी, म्हणजे नर्सबाईंच्या दारात, शिंप्याची कोल्ह्याच्या तोंडासारखी टोकदार चप्पल. नर्सबाईंनी शिंप्याशी बोलणं टाकलं. शिंप्याने सगळ्यांना सांगितलं की मी बायकांच्या मापाचा बूट कशाला नेऊ, आणि मापावरून आणखी बोलणं वाढलं. वरच्या वकिलाला एका सकाळी बुटाऐवजी मोज्यात गुंडाळलेला भाजी घासायचा ब्रश मिळाला, तेव्हा त्याने कायद्याची भाषा काढली. घरातही तेच चाललेलं. कंगव्याच्या जागी साबण, साबणाच्या जागी नानांच्या चष्म्याचं घर. नानांना वाटायला लागलं की आपल्याला विसरायला होतंय, आणि ते कुणाला न सांगता स्वतःचीच परीक्षा घेत फिरू लागले.

शेवटी एका दुपारी काका हातातलं काम ठेवून कुत्र्यामागून जिना चढले. परतूच्या तोंडात काकूंची सपात होती. नर्सबाईंच्या दाराशी तो थांबला, त्यांचा बूट त्याला आवडला, पण तोंड एकच. त्याने सपात अगदी हळुवार खाली ठेवली, बूट उचलला आणि पुढे निघाला. चोरीचा त्यात प्रश्नच नव्हता. नवं घ्यायचं तर हातातलं ठेवावं लागतं, एवढाच त्याचा सरळ व्यवहार होता. काकांनी बूट उलटासुलटा करून पाहिला. दाताची एक खूण नव्हती. इतक्या हलक्या तोंडाचा प्राणी आपण पाहिला नाही, असं त्यांनी घरी येऊन जवळजवळ अभिमानाने सांगितलं.

काकूंनी मजल्यामजल्यावर जाऊन खुलासा केला. शिंपी आणि नर्सबाई पुन्हा बोलायला लागले, आधीपेक्षा जरा जास्तच. वकिलाने सुद्धा माघार घेतली. वस्तू हरवली की एक मजला वर आणि एक मजला खाली पाहायचं, ही लोकांना सवय झाली. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे कळून नानांना इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी त्यांनी परतूला चक्क बिस्किट दिलं. पण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न होताच.

महिना संपत आला तेव्हा एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बस आगारातले निवृत्त कंट्रोलर उभे होते. हा माणूस जन्मभर भोंग्यावरून गाड्या पुकारत आलेला. आवाज असा की खाली रस्त्यावरच्यांनी वर पाहावं. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती. पहिली दोन वाक्यं काकांना कळलीच नाहीत, राग तेवढा कळला. झालं होतं असं की कंट्रोलरांच्या कवळीला तडा गेला होता. काकांनी तो सांधून दिला आणि चार दिवसांपूर्वी त्यांनी डबी नेली. घरी जुनी कवळी होती, तिच्यावर त्यांनी दिवस काढले, कारण दुरुस्त केलेली त्यांना आजच्यासाठी राखायची होती. आज नातीच्या शाळेत ते प्रमुख पाहुणे होते. सकाळी थाटात डबी उघडली, दात घालायला गेले, तर ते दात तोंडात थारा घेईनात. आणि त्या झटापटीत जुनी कवळी फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले.

काकांनी डबी उघडली आणि त्यांचा चेहरा प्लॅस्टरसारखा पांढरा झाला. आपलं काम ते अंधारातही ओळखतील. "ही तुमची नाही," ते म्हणाले. "ही गाणं शिकवणाऱ्या बाईंची."

म्हणजे कंट्रोलरांची कवळी कुठे होती, हे वेगळं सांगायला नको होतं. बाईंनीही त्याच दिवशी आपली डबी नेली होती. दोघं डबी घेऊन तसेच बाईंच्या घरी गेले, मागच्याच गल्लीत.

बाईंनी दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. गरीब स्वभावाची बाई. रिक्षावाल्याने चुकीच्या रस्त्याने नेलं तरी त्याला बरं वाटावं म्हणून नवीन भाग पाहायला मिळाला म्हणणारी. चार दिवस त्या कुस्करलेल्या बटाट्यावर आणि दुधावर होत्या. शिकायला येणाऱ्या मुलींना त्यांनी नुसती पेटी वाजवायला लावली होती. काकांनी कळवळून विचारलं की अहो, मला सांगितलं का नाही?

"तुम्ही इतकं मन लावून करता," बाई रुमालाआडून म्हणाल्या. "मला वाटलं, वयामुळे माझाच जबडा बदलला असेल."

कंट्रोलर भांडायच्या तयारीने आले होते. आपले दात चार दिवस या सभ्य बाईंच्या तोंडात होते, हा विचार त्यांच्या मनात नुकताच पोचला होता, आणि बाईंच्याही. दोघंही फरशीकडे पाहू लागले. काकांनी दोन्ही कवळ्या घरी आणल्या, जंतुनाशकात ठेवल्या, ज्याच्या त्याच्या तोंडात बसवून तपासल्या, आणि हे आपल्या कुत्र्याचंच काम असणार, असं दोघांनाही खरं सांगून माफी मागितली. कंट्रोलर शाळेत वेळेवर पोचले. त्यांनी बक्षिसं अशी पुकारली म्हणतात की मागच्या रांगेतली काही माणसं उठून उभी राहिली.

पण काकांच्या मनातून ते जाईना. चपला-बूट निराळे, दात निराळे. लोक आपलं तोंड विश्वासाने त्यांच्या हवाली करत होते. संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं की कुत्रा लाख चांगला आहे, पण उद्या त्याला सोडून यावं लागेल. काकूंनी वाद घातला नाही. त्या उठल्या आणि एकेक चादर घडी घालू लागल्या, आणि परतू घडी घातलेल्या प्रत्येक चादरीवर जाऊन बसू लागला, त्यामुळे ते काम काही पुढे सरकेना.

महिनाभर रोज हेच मागणाऱ्या नानांची मात्र दातखीळ बसली होती. त्यांनी पेपर उघडला, मिटला. मग घसा साफ केला.

"कुत्र्याने एकच चुकीच्या डबीत ठेवली," ते म्हणाले. "दुसरी मी ठेवली."

काकूंच्या हातातली चादर तशीच राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी काका चहाला आत गेले होते. दोन उघड्या डब्या टेबलावर होत्या. परतूने एक कवळी उचलली असणार, दुसऱ्या डबीपाशी जाऊन तिच्यात ती ठेवली आणि तिथली घेऊन गॅलरीत गेला. गॅलरीत त्याला मोजा दिसला, म्हणून तिथे ती सोडली. नानांना ती तिथे सापडली. त्यांनी ती साबणाने धुतली. टेबलावर एक डबी भरलेली, एक रिकामी. गोदामातल्या माणसाने काय करावं? रिकामी जागा भरली, दोन्ही झाकणं लावली.

"पण मला सांगायचंत तरी, नाना," काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी त्याला सोडून आला असतात, जावईबापू."

काकू म्हणाल्या, "नाना, पण रोज सकाळी तुम्हीच विचारता ना, कधी नेताय म्हणून?"

"विचारतो," नाना म्हणाले. "आज नाही, असं कुणीतरी म्हटलं की दिवस बरा जातो."

काका टेबलापाशी गेले, एक जबडा उचलून उगाच पुसला. शेवटी पाठ न वळवता त्यांनी निकाल दिला की चूक दोघांची सारखी आहे, तेव्हा न्यायचं तर दोघांनाही नेऊन सोडावं लागेल, आणि नानांना ते लोक ठेवून घेतील असं वाटत नाही. त्यांचे खांदे हलत होते. पाणी आणायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून टेबलाचे पाय उंच करून घेतले आणि कारखान्याला कमरेएवढं छोटं दार बसवलं. त्या दाराची कडी लावायचं काम नानांनी आपणहून अंगावर घेतलं. दिवसातून कितीदा तरी ते ती लावलेली आहे का पाहून यायचे, आणि परतू त्यांच्या मागे मागे. महिना उलटल्यावर ताई चौकशीला आल्या तेव्हा नानांनी त्यांना बसा म्हणायच्याही आधी सांगून टाकलं की कुत्रा झोपलाय, त्याला उठवायचं नाही.

पावसाळा संपल्यावर एक दिवस गाणं शिकवणाऱ्या बाई काकांकडे आल्या. दात उत्तम होते. काम वेगळंच होतं. घरी एकटं वाटतं, आणि तुमच्या कुत्र्याने चार दिवस हाल केले तरी त्याचा राग काही येत नाही, तेव्हा शेल्टरमध्ये एखादं शांत, वयस्कर जनावर मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. काका त्यांना घेऊन गेले. गाडी कंट्रोलरांची होती. त्या दोघांना आता एकमेकांकडे पाहून बोलता येत होतं.

ताईंनी एक जाडी करडी मांजर दाखवली. ही दोन घरांतून परत आलेली, कारण हाक मारली तरी येत नाही. येणार कशी? ठार बहिरी आहे. लोकांना वाटतं, आखडू आहे. ताईंनी आपलं नेहमीचं सांगायला सुरुवात केली की महिनाभर बघा, नाही जमलं तर घेऊन या, तिचा वाडगा मी.

"वाडगा उचलून ठेवा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नवशिक्या मुली येतात, सकाळ-संध्याकाळ. आजवर एकही मांजर टिकलं नाही."

कंट्रोलरांनी गाडीचं दार उघडून धरलं. मांजर बाईंच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि झोपली. वाटेत कंट्रोलरांनी समोर आडव्या आलेल्या एका ट्रकला आपल्या खणखणीत आवाजात चार शब्द सुनावले. बाई दचकल्या, काका दचकले. मांजरीने मिशीसुद्धा हलवली नाही.